‘मिटवून घ्या’ म्हणणाऱ्यांकडून लेखी घ्या

बाईंना विचारा

या महिन्यात शाळेतली मारहाण आणि तिचे फिरणारे व्हिडिओ याच विषयावर इतकी पत्रं आली, की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. ओळख पटेल असा तपशील मी पत्रांतून काढला आहे. तो का काढला ते उत्तरात येईलच.

प्रश्न : बाई, आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो. माझा मुलगा आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीच्या तीन पोरांनी त्याला मधल्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागं नेलं, कान धरून उठाबशा काढायला लावल्या, थोबाडीत मारलं. चौथा मोबाइलवर शूटिंग घेत होता. आम्हाला कळलं ते माझ्या दिरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्लिप आली तेव्हा. तोवर ती इन्स्टावर गाणं लावून फिरत होती. मुख्याध्यापक म्हणाले, पोरांची मस्ती आहे, शाळेचं नाव खराब होतंय, दोन्हीकडच्या पालकांनी बसून मिटवून घ्या. पोलीस ठाण्यात ‘मुलं लहान आहेत, एफआयआर होत नाही’ म्हणून नुसता अर्ज ठेवून घेतला. त्याचं पुढं काय झालं विचारलं की ‘ते गोपनीय असतंय’. गल्लीतले म्हणतात मोर्चा काढू. ह्यांचं म्हणणं, त्या पोरांची नावं आणि फोटो फेसबुकवर टाकायचे, मग बघू कोण हलत नाही ते. मुलगा शाळेला जायचं नाव काढत नाही. लहान आहेत म्हणून पोरांना मारणाऱ्या पोरांना काहीच होत नाही का?
एक आई

उत्तर : ताई, आधी मुलाचं बोलू. तुमच्या पत्रात शाळा आहे, ठाणं आहे, गल्ली आहे आणि मुलगा एका वाक्यात आहे. संतापात असं होतं, त्यात तुमचा दोष नाही. पण त्याच्या बाजूनं बघा. मार काही मिनिटांत संपला, व्हिडिओ मात्र रोज नव्या माणसाच्या हातात पडतोय. केएमटी बसमध्ये शेजारचा माणूस मोबाइल बघून हसला तरी त्याला वाटणार की आपल्यालाच बघून हसला. ‘तू उलटा हात का नाही उचललास’ हा प्रश्न घरात कुणीही विचारायचा नाही, आजोबांनीसुद्धा नाही. आपलं गाव तालमींचं. इथं हा प्रश्न तोंडातून चटकन निघतो आणि पोराला वाटतं, चूक माझीच. आठवीतलं पोरगं दहावीच्या तिघांच्या घोळक्यात गप्प उभं राहिलं, हे त्यानं स्वतःला सांभाळलंच.

त्याला एवढंच विचारा : शाळेत परत जायचं तर काय काय बदललेलं पाहिजे? तो सांगेल, मधल्या सुट्टीत मागं कुणीतरी सर हवेत, ती पोरं माझ्या जिन्यानं येऊ नयेत, वर्गात कुणी क्लिपचं नाव काढू नये. जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. तुमच्या अर्जातल्या मागण्या याच. झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मार कानावर बसला असेल तर सीपीआर रुग्णालयात तपासून कागद घ्या, अजून उशीर झालेला नाही.

आता पोलीस. एफआयआर होत नाही हे त्यांनी खरं सांगितलं आणि पुढचं सांगितलंच नाही. बाल न्याय कायदा २०१५ चा आणि त्याचे नियम २०१६ चे. त्यातला आठवा नियम सांगतो की आरोप अठरा वर्षांखालच्या मुलावर असेल आणि गुन्हा किमान सात वर्षांच्या शिक्षेचा नसेल, तर एफआयआर नोंदवायचा नाही. त्याऐवजी ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा, शाळेचा, संगतीचा अहवाल तयार करायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडे पाठवायचा. (त्या चौघांत कुणी अठरा पूर्ण झालेला असेल तर ही सवलत लागू नाही, तेवढं बघून घ्या.) प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. पुढच्या खेपेला गेलात की त्यांनाच भेटायचं आहे म्हणून सांगा. आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय उठू नका.

निवृत्तीनंतर मी या मंडळावर सदस्य म्हणून काम केलं आहे. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक सदस्य, त्यांतली एक तरी स्त्री, असं ते मंडळ असतं. तिथं आलेल्या कुठल्याही मुलाबद्दल मी कधी लिहिणार नाही. पण तुमच्या प्रश्नाला उत्तर देते : मंडळासमोर आलेल्या मुलाला काहीच होत नाही, हे खरं नाही. समज देता येते, समुपदेशनाला पाठवता येतं, समाजसेवा करायला लावता येते, पालकांना दंड करता येतो, देखरेखीखाली घरी सोडता येतं आणि टोकाला गेलं तर तीन वर्षांपर्यंत विशेषगृहात, म्हणजे अशा मुलांच्या सुधारगृहात, ठेवता येतं. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते. ज्याचा कागद ठाण्यातून मंडळाकडे निघालाच नाही, त्या मुलाला मात्र खरोखर काही होत नाही. मारणारा तर त्यातून एकच शिकतो, की मोठी माणसं आपल्याला घाबरतात.

म्हणून ‘गोपनीय आहे’ हे उत्तर ऐकून परत येऊ नका. कायद्यानं झाकायला सांगितली आहे ती मुलाची ओळख. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ म्हणतं की आरोप असलेलं मूल असो, पीडित मूल असो की साक्षीदार, त्याचं नाव, पत्ता, शाळा, ओळख पटेल अशी कुठलीही खूण कुठल्याही माध्यमातून उघड करायची नाही. अधिकाऱ्यानं स्वतः काय केलं आणि कधी केलं, हे झाकायला त्या कलमात कुठंही सांगितलेलं नाही. माझ्या अर्जाची दैनंदिनीत नोंद कोणत्या तारखेला झाली, मंडळाकडे अहवाल कधी गेला, एवढंच लेखी विचारा. यात कुणा पोराचं नाव येत नाही. ठाणं उत्तर देत नसेल तर पोलीस अधीक्षकांकडे अर्ज द्या आणि त्याच दिवशी माहिती अधिकारात टाका. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मला सगळ्यांत जास्त चीड या ‘गोपनीय’ शब्दाची येते. पोरांच्या संरक्षणासाठी ठेवलेला पडदा मोठी माणसं स्वतःचा आळस झाकायला ओढून घेतात आणि मग लोक कायद्यालाच शिव्या घालतात.

मुख्याध्यापकांना तर ‘मस्ती आहे’ म्हणायची मोकळीकच नाही. महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा १९९९ चा आहे. रॅगिंग म्हटलं की आपल्याला मेडिकल कॉलेजची होस्टेलं आठवतात, पण त्या कायद्यातली शिक्षणसंस्थेची व्याख्या शिक्षण देणाऱ्या कुठल्याही संस्थेला लागू होते. शारीरिक किंवा मानसिक इजा होईल, भीती किंवा लाज वाटेल असं वागणं म्हणजे रॅगिंग. चिडवणं, धमकावणं, एखादा एरवी स्वतःहून करणार नाही ते त्याला करायला लावणं, हे सगळं त्यात येतं. उठाबशा आल्या, थोबाडीत मारणंही आलं. पालकांनी लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तक्रारीत तथ्य दिसलं तर त्या विद्यार्थ्यांना निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलिसांकडे पाठवायची. तथ्य दिसलं नाही, तर तेही तक्रारदाराला लेखी कळवायचं. हे काहीच केलं नाही तर प्रमुखानंच गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो. तुमची तक्रार तोंडी झाली असणार, म्हणून त्यांना ‘मिटवून घ्या’ म्हणता आलं. उद्याच लेखी द्या. हा कायदा आणि सात दिवसांची मुदत अर्जात लिहा आणि एक प्रत नागाळा पार्कात जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात देऊन शिक्का घ्या. तिथंही दाद लागली नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोग आहे. त्याहीपुढं जायची वेळ आली, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याच गावात बसतं. त्यासाठी मुंबईची गाडी धरावी लागत नाही.

क्लिपचं : मूळ व्हिडिओ जसा आला तसाच ठेवा, कापू नका, त्यावर काही चिकटवू नका. कुठल्या खात्यावरून, कुठल्या ग्रुपवर, किती वाजता आला याचे स्क्रीनशॉट काढा, लिंक लिहून ठेवा. मग इन्स्टावर तक्रार करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा. आधी पुरावा जपायचा आणि मग खाली उतरवायला सांगायचं, हा क्रम उलटा करू नका.

ह्यांना माझा निरोप द्या. बापाच्या पोटात काय पेटलं असेल ते मला कळतं. पण फेसबुकवर ती नावं पडली की कलम ७४ त्यांनाच लागू शकतं : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमच्या पोराची केस बाजूला पडून तुमच्यावरची केस पुढं येईल, आणि गप्प बसलेल्या मुख्याध्यापकांना बोलायला आयतं तोंड मिळेल. मोर्चा काढायचा तर जरूर काढा, आपल्या गावाला मोर्चा काही नवा नाही. फक्त तो त्या पोरांच्या घरांवर नेऊ नका. शिक्षणाधिकाऱ्यांच्या दारात न्या आणि मागणी एकच ठेवा : चौकशी अहवाल, तारखेसह.

प्रश्न : बाई, राग मानू नका. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका पोरीला चौघींनी मारलेली क्लिप तालमीच्या ग्रुपवरनं मीच पुढं पाठवली. त्याआधी महिनाभर शाळेला सगळं माहीत होतं, कुणी हललं नाही. क्लिप फिरल्यावर दुसऱ्या दिवशी साहेब आले, पुढारी आले, चॅनलवाले आले. मग व्हायरल करणं चूक कसं? दुसरा रस्ता असला तर दाखवा.
एक कार्यकर्ता, शिवाजी पेठ

उत्तर : राग कशाचा मानायचा, तू खरं लिहिलं आहेस. हलवल्याशिवाय कुणी हलत नाही, हा अनुभव एकट्या कोल्हापूरचा नाही. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये दोन चिमुरड्या मुलींवर शाळेत अत्याचार झाला, तक्रार नोंदवायला उशीर झाला, आणि २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर बसले. दुसऱ्याच दिवशी शाळांच्या सुरक्षेचा शासन निर्णय निघाला. त्यात तक्रार पेटी होती, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती होती. पण तक्रार पेटीचा आदेश २०१७ चा होता आणि सखी सावित्री समितीचा २०२२ चा. नियम होतेच, लोक रुळांवर बसेपर्यंत ते पाळले जात आहेत का हे कुणी बघितलं नव्हतं.

तुझ्या रस्त्यात मला दिसणारा धोका सांगते. व्हायरल झालं की यंत्रणा पळते, पण ती गोंगाट शांत करायला पळते. पोरांना ठाण्यात आणून बसवलेलं कॅमेऱ्यांना दिसतं, मुख्याध्यापकाला नोटीस जाते, मोठी बातमी होते. तीन आठवड्यांनी त्या मुलीचं काय झालं, हे चॅनलवाल्याला विचारून बघ. तुलाही माहीत नसेल. आणि ज्या पोराला मारताना कुणी मोबाइल काढलाच नाही, त्याचं काय? मुतारीच्या मागं, होस्टेलच्या खोलीत, ट्यूशनच्या जिन्यात होणाऱ्या बहुतेक मारहाणीचा व्हिडिओ नसतो. क्लिप दिसली तरच हलायची सवय आपण अधिकाऱ्यांना लावली, तर या पोरांना कुणी दारातही उभं करणार नाही.

दुसरं, त्या मुलीनं मार चौघींचा खाल्ला आणि तो बघितला साऱ्या गावानं. तिला न्याय मिळावा म्हणून पाठवणाऱ्यानंही पाठवला आणि मजा म्हणून पाठवणाऱ्यानंही. तिच्या दृष्टीनं दोन्हींत काहीच फरक पडला नाही. जून २०२३ मध्ये मोबाइलवरच्या स्टेटसवरून या शहरात कसा हिंसाचार झाला, इंटरनेट कसं बंद ठेवावं लागलं, ते तू डोळ्यांनी बघितलं आहेस. मोबाइलमधून सुटलेली गोष्ट परत खिशात घालता येत नाही.

रस्ता मागितलास म्हणून सांगते. पुढच्या वेळी क्लिप आली की ती ग्रुपवरून काढायला लाव आणि ती फक्त ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे दे. सोबत दोन ओळींचा अर्ज दे आणि पोच घे. मग तुमच्यातली दोन मोठी पोरं त्या मुलीच्या आईबरोबर शाळेत जाऊ देत. आवाज चढवायचा नाही, नुसतं बाकावर बसून राहायचं, लेखी तक्रारीवर शिक्का पडेपर्यंत. एकट्या बाईला ‘उद्या या’ म्हणून परत पाठवतात, तीन माणसं शांतपणे बसून राहिली की पाठवत नाहीत. सात दिवसांनी परत जा. तारखा ग्रुपवर टाका : अर्ज अमुक दिवशी दिला, उत्तर नाही. नाव नको, शाळेचंही नाव नको. हे असं फिरलेलं मला चालेल, कितीही फिरू दे.

प्रश्न : मारायचं नाही, नाव काढायचं नाही, रागवलं तर पालक पुढाऱ्याला घेऊन येतात. वर्गात सत्तर पोरं. तक्रार पेटीत चॉकलेटचे कागद निघतात. शिक्षकानं करायचं तरी काय?
एक शिक्षक, करवीर तालुका

उत्तर : सर, तुमची अडचण मी अंगावर काढली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला आणि आठवीपर्यंत नाव काढता येत नाही हेही ठरवलं. दोन्ही मला मान्य आहेत. शाळेतून काढलेलं पोरगं दुसऱ्या शाळेत जाऊन तेच करतं.

पेटी ऑफिसच्या दारात टांगली असेल. तिथं चिठ्ठी टाकताना सगळं गाव बघतं. ती पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेवर लावा, ठरलेल्या वारी पालक आणि विद्यार्थी प्रतिनिधीसमोर उघडा, आणि आलेल्या चिठ्ठीवर काय केलं ते नाव न घेता परिपाठात सांगा. पहिल्या चिठ्ठीचं काहीतरी झालेलं दिसलं की दुसरी येते. आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमचा चहा आळीपाळीनं सोडा. आमच्या शाळेत एक शिक्षक सायकल स्टँडवर, एक नळापाशी, एक मागच्या भिंतीकडे अशी पाळी असायची. मारणारं पोरगं जागा आणि वेळ बघून मारतं. तीच जागा, तीच वेळ तुम्ही धरलीत की निम्मं काम होतं.

जे घडलं ते वहीत लिहा, तारीख घालून, दोन्ही मुलांचं म्हणणं वेगवेगळं घेऊन. पुढारी आला की वही पुढं ठेवा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला घरातून उचलून शाळेत बसवायची सक्ती आपण केली, तेव्हा तिथं त्याच्या अंगाला हात लागणार नाही याची हमीही आपणच द्यायची. सत्तर पोरांच्या वर्गाबद्दल तुम्ही भांडा, मी तुमच्या बाजूनं लिहीन.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीला मारलेला व्हिडिओ माझ्या फोनवर ग्रुपवरून आला आहे. मी दिला हे त्या मुलींना कळलं तर मला मारतील. आई म्हणते आपण त्यात पडायचं नाही. डिलीट करू का?

उत्तर : डिलीट करू नकोस आणि कुणाला पाठवूही नकोस. व्हिडिओत कुणाचे कपडे ओढलेले किंवा काढलेले दिसत असतील तर तो कुणालाही दाखवायचा नाही, आजच्या आज आईबरोबर पोलिसांकडे न्यायचा. त्याला पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागू शकतो आणि शाळेला कळलं तर तिला पोलिसांना कळवावंच लागतं. तसं काही नसेल, तर ज्या बाईंवर तुझा विश्वास आहे त्यांना एकटीनं भेटून सांग. अशा बाई शाळेत नसतील तर १०९८ वर फोन कर. तो मुलांसाठीच आहे, दिवसरात्र चालतो आणि पैसे लागत नाहीत. साक्षीदार मुलीचं नाव उघड करायचं नाही हे कायद्यात लिहिलेलं आहे. तू सांगतानाच ‘माझं नाव कळता कामा नये’ असं म्हण आणि त्यांच्याकडून तसं कबूल करून घे.

आईचं चुकतं असं मी म्हणणार नाही, तिला तुझी काळजी आहे. हे पान तिला वाचायला दे आणि मला पत्र लिहायला सांग. तिच्याशी मी बोलेन.